वादळानंतरचे पिण्याचे पाणी

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. त्याबरोबर उसळलेले समुद्राचे पाणी जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात कित्येक किलोमीटर आत शिरले आणि तेथील तळी व विहिरी खाऱ्या झाल्या. सभोवती पाणीच पाणी. परंतु पिण्यास घोटभरही मिळेना, अशी अवस्था ओढवली.

अशा पाण्यात दोन निरनिराळे दोष असतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. पहिला दोष रोगजंतूंचा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळू द्यावे, चौपदरी फडक्यातून गाळावे आणि खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे. म्हणजे पटकी, हगवण यांचे जंतू मरतात. दुसरा दोष मिठाचा. तो उकळण्याने जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेले पाणी अधिकच खारट होते.

म्हणूनच या दुसऱ्या दोषावरची तजवीज वादळापूर्वीच करावयास हवी. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दर माणशी रोज ४ लिटर पाणी धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबास तीन दिवसांसाठी ६० लिटर पाणी लागेल. वादळाची सूचना मिळताच ते स्वच्छ, झाकणाच्या भांड्यांत भरून उंचावर ठेवावे. सुरक्षित निवाऱ्यात जावे लागल्यास जमेल तेवढे बरोबर न्यावे. पुढे पावसाचे पाणी स्वच्छ भांड्यांत धरता आले, तर तेही उकळून प्यावे. ते गोडे असते.