परसातली भाजी आणि पावसाच्या चुकलेल्या तारखा

कापडाच्या धंद्याचा आणि परसातल्या भाजीचा संबंध काय, असे वाचकबंधू विचारतील. दोन्हीही पावसाच्या तारखेवर चालतात, एवढाच संबंध. म्हसळ्यात आमचे निम्मे गिऱ्हाईक भात विकून हातात पैसा आल्यावर दुकानाची पायरी चढते. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर क्यार वादळाच्या पावसाने कापलेले भात शेतातच भिजले. आमचे तागे फडताळात तसेच राहिले, आणि त्याच आठवड्यात परसातली मुळा-माठाची कोवळी रोपे वाफ्यात कुजली. तेव्हापासून परसाचा हिशेबही आम्ही दुकानाच्या वहीतच लिहू लागलो.

पूर्वीचा नेम सोपा होता. मिरग लागला, पहिला पाऊस पडला की काकडी, पडवळ, शिराळी, भेंडी एकाच दिवशी पेरायची. आता तो नेम उरला नाही. २०२५ साली २५ मे रोजीच पावसाने महाराष्ट्रात पाय टाकला आणि २६ मेला मुंबई गाठली. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. १९५० पासून इतक्या लवकर तो तिथे आला नव्हता. अशा वेळी घाईने पेरणी केली आणि पुढे पंधरा दिवस ऊन पडले, तर उगवलेले सगळे जाते. व्यापारी माणूस सगळा माल एका खेपेत भरत नाही. बियाणेही तसेच तीन हप्त्यांत टाकावे, आठ-दहा दिवसांच्या अंतराने. आम्ही काकडी-पडवळाची रोपे पडवीत पिशव्यांतून करतो आणि चार पाने आल्यावर बाहेर लावतो. पिशवी फुटकी असली तरी चालते. तळाला भोक मात्र हवेच. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा. आमच्याकडे पाऊस कोसळतो तेव्हा रोप तहानेने नव्हे, मुळाशी पाणी साचून मरते.

मांडव उंच बांधण्याची हौस आम्ही ३ जून २०२० रोजी सोडली. त्या दिवशी निसर्ग वादळ ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्याने अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या वाड्यांत पोफळी आणि माड आडवे झाले, घरांवरचे पत्रे उडाले. वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. विहिरीत पाणी होते, पण पंप बंद. टाळेबंदी चालू होती, रस्त्यांवर झाडे पडलेली, घाटावरची भाजी येणार कुठून? आमच्या परसात तेव्हा दोनच जिनसा शाबूत होत्या, अळू आणि जमिनीखालचे सुरण. वाऱ्याला धरायला वर काही नव्हते म्हणून वाचले. आता दरवर्षी मेमध्ये कुंपणाच्या कडेने सुरण आणि कोनफळ लावतो. थंडीत काढतो, ते महिनोन् महिने टिकतात. मांडव छातीइतकाच ठेवतो, आणि नैऋत्येकडे केळीची ओळ.

पडलेल्या झाडांची भरपाई सरकारने झाडामागे दिली, सुपारीला ५० रुपये आणि नारळाला २५० रुपये. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, हे ज्याने लावली त्याला सांगायला नको. नवे रोप लावताना आधी केळ लावावी आणि तिच्या सावलीत पोफळ, नाहीतर उन्हाने खोड भाजते. दोन रोपांत नऊ फूट अंतर ठेवावे. जागा मोकळी दिसते म्हणून मध्ये आणखी एक घालण्याचा मोह होतो. आम्ही तो केला आणि पस्तावलो. श्रीवर्धनला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे, रोपांबद्दल तिथे विचारावे.

लवकर आलेल्या पावसाने खरा घाला घातला तो सुपारीवर. कोळेरोगात हिरवी सुपारी गळून खाली सडा पडतो. त्याला आळा घालायचा तर पाऊस सुरू होण्यापूर्वी घडांवर बोर्डो मिश्रण मारावे लागते, आणि पुढे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप पाहून पुन्हा. २०२५ मध्ये आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यावर भरवसा ठेवला आणि फसलो. घरच्या वाडीला दहा लिटर पुरते. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायचे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाची नकोत. मग विळ्याचे स्वच्छ पाते क्षणभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना हवा. केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

काकडी-कारल्याला फळमाशी डंख मारते आणि फळ आतून सडते. त्यासाठी गंधाचे सापळे मिळतात. एका दुकानदाराने आम्हांला दिलेल्या सापळ्यात महिनाभर माशा पडत होत्या, आम्ही खूश, आणि काकड्या सडतच होत्या! पुढे कळले की तो गंध आंब्यावरच्या माशीचा होता. वेलभाज्यांच्या माशीचा गंध वेगळा असतो. पिकाचे नाव सांगून आणि पाकिटावर वाचूनच घ्यावा. डंखलेली फळे वेलाखाली टाकू नयेत, खोल पुरावीत, नाहीतर तिथेच पुढची पिढी तयार होते.

घरचे बी राखायचे तर वेलावरची पहिली दोन-तीन निरोगी फळे त्यासाठीच सोडावीत, घरात कितीही कुरबुर झाली तरी. ती पिकली की बी धुऊन सावलीत वाळवावे आणि राखेत घालून बरणीत ठेवावे. मोरचूद आणि चुना आता आम्ही एप्रिलमध्येच आणून ठेवतो आणि पहिली फवारणी मेच्या पंधरवड्यात उरकतो.