न दिसणारी झोळी

खोकला बाहेर पडण्याच्या क्षणभर आधी शरीरात एक झोळी आपोआप आवळली जाते. पुढे जांघांमधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेली ही स्नायूंची झोळी म्हणजे पेल्विक फ्लोअर. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना तीच खालून तोलून धरते. चार पायांच्या प्राण्यांत यांतलेच काही स्नायू शेपूट हलवतात. आपण दोन पायांवर उभे राहिलो आणि त्यांच्यावर अख्ख्या पोटाचा भार आला!

बाळंतपणात ही झोळी विलक्षण ताणली जाते. मग शिंकताना, हसताना लघवीचे थेंब निसटतात आणि कितीतरी जणी ते मुकाट सोसतात. दंड, मांड्या यांच्यासारखेच हे स्नायूही व्यायामाने बळकट होतात. पण जे दिसत नाही, त्याला व्यायाम द्यायचा कसा?

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नॉल्ड केगल यांनी १९४८ साली उत्तर मांडलं. योनीत ठेवायचं हवा भरलेलं छोटं साधन आणि त्याला नळीने जोडलेली, रक्तदाब मोजायच्या यंत्रासारखी तबकडी. स्नायू आवळला की काटा वर सरकायचा. बाईला पहिल्यांदाच तिची आतली ताकद डोळ्यांनी दिसत होती! पुढे वजनाचे शंकू आले; स्नायू सैल पडला की शंकू घसरतो. आता तोच काटा मोबाइलच्या पडद्यावर आलाय.

ही साधनं कशासाठी? १९९१ च्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ स्त्रियांना हे स्नायू आवळण्याचा व्यायाम नुसता तोंडी समजावला. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला; पाव जणी तर त्रास वाढू शकेल अशा पद्धतीने करत होत्या. साधन चूक दाखवतं. मात्र २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ६०० स्त्रियांच्या चाचणीत, नुसता व्यायाम करणाऱ्या आणि सोबत यंत्र वापरणाऱ्या, दोन्ही गटांची स्थिती दोन वर्षांनी जवळजवळ सारखीच होती. यंत्र आरसा दाखवतं, ताकद सरावातूनच येते.

आत्ता बसल्या जागी करून पाहा. वात सरताना रोखतो, तसं आतून वर ओढा. श्वास चालू, पोट आणि मांड्या सैल. काही सेकंद धरा, मग पूर्ण सोडा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. वेदना असतील किंवा जमतंय का याची शंका असेल, तर साधन विकत घेण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. थेंब निसटणं हे बाईपणाचं प्राक्तन नाही. त्यावर उपाय आहे.