काटे निवडताना

बैलगाडी भरताना जुनी माणसं एक गोष्ट फार बारकाईनं पाहायची. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला पट्टे आवळायचे. पुढे जास्त झाला की सगळं ओझं त्यांच्या मानेवर बसायचं. गाडीत किती माल भरला याच्याइतकंच तो कुठे भरला, याला महत्त्व होतं. बैलगाड्या आता थोड्या उरल्या, पण तो हिशेब संपला नाही. तो छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरवर येऊन बसला आहे.

श्रोतेहो, कविता लिहिणाऱ्या माणसानं लोडरबद्दल बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण आमचं घर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. भावानं शेती सांभाळली, आता त्याचा मुलगा सांभाळतो. घरात बी.ए. झालेला मी एकटा. त्यामुळे कुठलंही यंत्र घ्यायचं ठरलं की त्याची माहितीपत्रकं वाचण्याचं काम माझ्याकडे येतं. यंदा पुतण्या म्हणाला, "चाचा, लोडरला पॅलेटचे काटे बसवायचेत. स्वस्तातले घेऊ की चांगले घेऊ?" मी म्हटलं, "आधी आपला ट्रॅक्टर किती उचलतो ते बघू. मग स्वस्त-महाग बघू."

पॅलेट म्हणजे माल रचायची लाकडी किंवा प्लास्टिकची चौकट. तिच्याखाली पोकळी असते. त्या पोकळीत लोखंडाचे दोन लांब काटे घालायचे आणि रचलेला माल एकदम उचलायचा, एवढीच ही युक्ती. पण ही युक्ती नसते तेव्हा काय होतं, ते द्राक्षाच्या हंगामात कुणीही पाहावं. भरलेलं एक कॅरेट वीस किलोचं धरा. बागेतून ट्रॉलीत, ट्रॉलीतून शेडमध्ये, शेडमधून गाडीत, असं ते तीनदा उचललं जातं. दिवसाला दोनशे कॅरेट निघाली, तर माणसांच्या हातांतून बारा हजार किलो वजन जातं. माझ्या भावाची कंबर पन्नाशीच्या आत गेली, ती अशीच गेली. आपल्या राज्यात माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला, त्यामागेही डोक्यावर आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्यांचीच दुखणी होती. शेतातल्या ओझ्याकडे मात्र घरचं काम म्हणून कुणी पाहत नाही.

म्हणून काटे घ्यायचे, हे बरोबर. पण निवडायचे कसे?

पहिली गोष्ट वजनाची. माहितीपत्रकात लोडरची ताकद ठळक अक्षरांत दिलेली असते. समजा, पाचशे किलो. हा आकडा बहुतेक वेळा लोडरच्या हातांच्या टोकाला, जिथे बकेट पिनेनं जोडलेली असते, तिथला असतो. पॅलेटवरचा माल तिथे नसतो. तो त्याच्याही पुढे, काट्यांवर असतो. घागर छातीशी धरली तर सहज पेलते. तीच हात लांब करून धरा, लगेच खांदा भरून येतो. घागरीचं वजन तेवढंच, अंतर वाढलं.

ढोबळ हिशेब करून पाहू. लोडरचा हात बिजागरीपासून पिनेपर्यंत १.६ मीटर आहे. ५०० ला १.६ नं गुणलं की ८०० येतात. ही त्याची उचलण्याची एकूण पत. आता काटे आणि त्यांची चौकट मिळून १०० किलो धरा. त्यांचं वजन पिनेच्या सुमारे ३० सेंटिमीटर पुढे पडतं, म्हणजे बिजागरीपासून १.९ मीटरवर. त्यात १९० खर्च झाले, उरले ६१०. पॅलेट १२०० मिलिमीटर खोल असेल, तर मालाचा मध्य चौकटीपासून ६० सेंटिमीटरवर येतो. चौकटीचे दहा धरून बिजागरीपासून अंतर झालं २.३ मीटर. ६१० ला २.३ नं भागा. उत्तर येतं सुमारे २६५ किलो. पाचशेच्या लोडरचे निम्मेच उरले.

आता हे कॅरेटच्या भाषेत पाहा. १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर ६०० बाय ४०० ची पाच कॅरेट एका थरात बसतात. दोन थर म्हणजे दोनशे किलो, वर पॅलेटचे वीस. हे चालेल. तिसरा थर रचला की ३२० होतात. हे चालणार नाही. शिवाय जमिनीलगत जे उचलतं ते पूर्ण उंचीवर उचलेलच असं नाही. म्हणून विक्रेत्याला विचारताना नेमकं विचारा: काट्यांवर, ५० किंवा ६० सेंटिमीटर पुढे, पूर्ण उंचीवर किती? लेखी उत्तर मागा. आपला हिशेब अंदाजासाठी, शेवटचा शब्द कंपनीच्या तक्त्याचा.

दुसरी गोष्ट जोडणीची. सर्वांत स्वस्त काटे बकेटच्या ओठावर स्क्रूनं आवळून बसवायचे असतात. अधूनमधून हलकं सामान हलवायला ते ठीक आहेत. पण त्यात बकेटचं वजन तसंच राहतं, माल बकेटच्या लांबीइतका आणखी पुढे जातो आणि जास्त भारानं बकेटचा ओठ वाकतो. रोजचं काम असेल तर बकेट काढून तिच्या जागी बसणारी चौकट आणि तिच्यावर सरकणारे काटे घ्यावेत. दोन काट्यांतलं अंतर पॅलेटप्रमाणे कमीजास्त करता येतं आणि खिळीनं पक्कं करता येतं. बकेट आणि काटे वरचेवर बदलायचे असतील, तर झटपट सुटणारी जोडणी पाहा. मात्र तिचंही वजन वरच्या हिशेबात धरा.

तिसरी गोष्ट लांबीची. छोट्या ट्रॅक्टरसाठी ३६, ४२ आणि ४८ इंची काटे मिळतात. मालाच्या खोलीच्या किमान दोन तृतीयांश तरी काटा आत जायला हवा. पण लांब काटे म्हणजे जास्त चांगले, असं नाही. १००० मिलिमीटरच्या बाजूनं खोली धरली, तर ३६ इंच, म्हणजे सुमारे ९१४ मिलिमीटर पुरतात. ४८ इंची काटा पलीकडे वीत-दीड वीत बाहेर येईल आणि मागच्या पॅलेटवरच्या कॅरेटमध्ये घुसेल. त्याचं वजनही जास्त. काही पॅलेटमध्ये चारही बाजूंनी काटे घालता येतात, काहींत दोनच बाजूंनी. आपल्याकडे कोणते येतात ते आधी मोजून घ्या.

चौथी गोष्ट लोखंडाची. चांगल्या काट्यावर त्याची भारक्षमता आणि ती किती अंतरावर मोजली आहे, हे ठोकलेलं असतं. ते नसेल तर घेऊ नका. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जाड पट्टी वाकवून काटे करून मिळतात, पण वाकवलेल्या कोपऱ्यातच सगळा ताण येतो आणि तडा तिथूनच जातो. जुने काटे घेताना हाच कोपरा घासून, उजेडात पाहा. तिथली जाडी मूळच्या दहा टक्क्यांनी झिजली असेल, तर ताकद सुमारे वीस टक्क्यांनी घटलेली असते. असा काटा बाद समजावा. त्याला भोक पाडू नये, वेल्डिंगही करू नये. चौकटीला मागे उंच जाळी असावी. लोडर वर जाताना काटे आपोआप मागे कलत जातात. चालकानं ते सावरले नाहीत, तर वरचं कॅरेट घरंगळत थेट त्याच्या अंगावर येतं. काटे सपाट ठेवणारी खास रचना काही लोडरमध्ये असते. परवडत असेल तर ती घ्यावी.

पाचवी गोष्ट काट्यांच्या दुकानात कुणी सांगत नाही. ती आहे ट्रॅक्टरच्या मागच्या वजनाची. पुढे तीनशे किलो टांगले की मागची चाकं हलकी होतात. उलाळ गाडीचंच हे उलटं चित्र. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. चाकं जमिनीला धड टेकलेली नसतील, तर ब्रेक दाबून उपयोग काय? उतारावर हे जिवावर बेततं. म्हणून मागच्या लिंकेजला काँक्रीट भरलेली पेटी किंवा जड अवजार जोडलेलंच असावं. किती वजन हवं ते लोडरच्या पुस्तकात दिलेलं असतं. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर माल घेऊन उतरताना ती चालू ठेवावी, म्हणजे इंजिनाचा रोध पुढच्या चाकांनाही मिळतो. पुढचा अॅक्सल आणि टायर हा भार पेलणारे आहेत का, तेही पाहावं. पैसे मोजके असतील तर आधी मागच्या पेटीची सोय करावी, उरलेल्यात काटे बसवावेत.

चालवण्याचे नियम थोडे आहेत, पण त्यात सूट नाही. माल घेऊन जाताना काटे जमिनीपासून वीतभर वर, त्याहून उंच नाहीत. वळण सावकाश. उचललेल्या काट्यांखाली कुणी जाऊ नये, आणि काट्यांवर उभं करून कुणाला मांडवाची तार बांधायला वर चढवू नये. हंगामात शेडभोवती बाया-माणसं, त्यांची लेकरं वावरत असतात. काटा मुलाच्या छातीच्या उंचीला असतो आणि पुढून पाहिलं तर त्याचं टोक दिसतही नाही. काम संपलं की काटे पूर्ण खाली टेकवूनच चालकानं उतरावं.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. पैसे देण्यापूर्वी आपलंच पॅलेट, आपलीच कॅरेट आपल्याच शेडसमोर सपाट जागी रचा. थर एकेक करून वाढवा, प्रत्येक वेळी वीतभरच उचला, आणि एकानं बाजूला लांब उभं राहून मागच्या चाकांकडे पाहा. ती हलकी व्हायला लागली की थांबा. तक्त्यातला आकडा आणि हा थर, यांत जो कमी, तोच आपला. शेडच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा. एवढी चाचणी करू द्यायला विक्रेता तयार नसेल, तर दुसरं दुकान पाहा.