ध्येय ‘कम्प्लीट’ होत नाही

‘आय विल कम्प्लीट माय गोल.’ मराठी माध्यमातल्या मुलांच्या निबंधात हे वाक्य हमखास भेटतं. व्याकरण बिनचूक, तरी इंग्रजी कानाला खटकतं. कोर्स किंवा फॉर्म ‘कम्प्लीट’ होतो. गोल ‘रीच’ किंवा ‘अचीव्ह’ करतात.

शब्दार्थ आणि व्याकरण आलं की इंग्रजी आलं, हा यामागचा गैरसमज. कोणता शब्द कोणाच्या सोबतीनं येतो हे रूढीनं ठरतं. कोकणात भाताची लावणी होते, विदर्भातल्या सानगडीच्या शिवारात धानाची रोवणी, काम तेच. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात शब्दांच्या या सोबतीकडे लक्ष वेधलं. ऑक्सफर्डनं २००२ मध्ये अशा जोड्यांचा स्वतंत्र कोशच विद्यार्थ्यांसाठी काढला.

गोल, टार्गेट, पर्पज हे एकाच अर्थाचे शब्द, कुठेही चालतात, असंही मानलं जातं. तसं नाही. ध्येय ठरवायचं तर ‘सेट अ गोल’. ‘डिसाइड अ गोल’ हे मराठीचं शब्दशः रूप झालं. त्या दिशेनं झटणं म्हणजे ‘वर्क टुवर्ड्स अ गोल’. टार्गेट ‘मीट’ किंवा ‘हिट’ होतं, हुकलं तर ‘मिस’. पर्पज मात्र ‘सर्व्ह’ होतो: ‘इट सर्व्ह्ज नो पर्पज’ म्हणजे त्याचा काही उपयोग नाही. ‘ऑन पर्पज’बद्दल विशेष जपा. त्याचा अर्थ ‘उद्देशानं’ असा वाटतो, पण तो आहे ‘मुद्दाम’. चूक मुद्दाम केली असं सांगताना तो हमखास येतो.

सगळ्यात चिवट चूक ‘साठी’ची. ‘साठी’ म्हणजे ‘फॉर’ हे डोक्यात पक्कं बसल्यानं ‘आय केम हिअर फॉर लर्न इंग्लिश’ असं तोंडून निघतं. माणूस आपला हेतू सांगतो तेव्हा ‘टू लर्न’ किंवा औपचारिक लेखनात ‘इन ऑर्डर टू लर्न’. वस्तू कशासाठी आहे हे सांगताना मात्र ‘फॉर’ चालतो, पण पुढे ‘आयएनजी’ लागतो: ‘धिस ब्रश इज फॉर क्लीनिंग’. ‘एम’चंही असंच: ‘एम टू इम्प्रूव्ह’, पण ‘विथ द एम ऑफ इम्प्रूव्हिंग’.

या जोड्या शहरी कॉन्व्हेंटमध्येच येतात, हा समज तर मुलांचं खरं नुकसान करतो. मराठीत आपण ध्येय गाठतो, हेतू साधतो, संकल्प तडीस नेतो. यात कोणी आपल्याला नियम शिकवला नव्हता. सतत ऐकण्या-वाचण्यातून हे आलं. म्हणून वहीत ‘गोल म्हणजे ध्येय’ एवढंच लिहून थांबू नका. ‘सेट अ गोल’, ‘रीच अ गोल’ अशी जोडी लिहा आणि प्रत्येकीपुढे स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य इंग्रजीत लिहून मोठ्यानं वाचा.