सर्व्हो मोटरीचा ताप व त्यावरील उपाय

गेल्या काही वर्षांत आमच्या काही विद्यार्थ्यांच्या घरी एक नवे यंत्र येऊन बसले आहे. लाकडी फळीवर नाव कोरावे, ॲक्रिलिकच्या पत्र्यातून चाक कापून काढावे, ॲल्युमिनियमच्या तुकड्यास खाच पाडावी, अशी कामे ते आपण होऊन करते. संगणक त्यास अंकांच्या रूपाने हुकूम देतो आणि त्या हुकुमाप्रमाणे मोटरी हत्यारास हवे तिकडे नेतात. यासच सी.एन.सी. यंत्र म्हणतात. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे अवघड आकार अचूक कापण्यासाठी अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांनी ही कल्पना पुढे मांडली, आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत असे पहिले यंत्र लोकांस दाखविण्यात आले. त्या वेळी मोठमोठ्या कारखान्यांसही जे दुर्लभ होते, ते आज विद्यार्थ्याच्या टेबलावर मावते. ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु कारखान्यात यंत्रावर देखरेख करणारा जाणता माणूस असतो, घरी तो नसतो. यास्तव या यंत्राच्या एका नेहमीच्या दुखण्याविषयी, म्हणजे मोटर तापण्याविषयी, चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम 'सर्व्हो' या शब्दाचा अर्थ पाहू. लॅटिन भाषेत 'सर्व्हस' म्हणजे दास. जहाजाचे सुकाणू वाफेच्या बळाने फिरविण्याची युक्ती काढणाऱ्या फार्को नावाच्या फ्रेंच यंत्रज्ञाने १८७३ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात 'सर्व्हो-मोटर' हे नाव योजिले. हे नाव अगदी यथार्थ आहे. सर्व्हो मोटरीच्या पाठीशी एन्कोडर नावाचा एक लहानसा पहारेकरी असतो. मोटर किती फिरली हे तो क्षणोक्षणी कळवितो. ड्राइव्ह नावाची पेटी ही बातमी मूळ हुकुमाशी ताडून पाहते. मोटर मागे पडली असे दिसताच ती अधिक विद्युत्प्रवाह सोडते आणि मोटर अधिक जोर लावते. साध्या स्टेपर मोटरीस भार पेलला नाही, तर ती पावले चुकते व काम बिघडते. पण सर्व्हो मोटर हार मानीत नाही. वाटेत अडथळा असला तरी हा दास तक्रार न करता ढकलीत राहतो. त्याच्या या आज्ञाधारकपणातच त्याच्या तापाचे मूळ आहे.

आता हा ताप कसा वाढतो ते पाहू. मोटरीचा जोर प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो. परंतु तांब्याच्या वेटोळ्यात उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जोर दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, तिप्पट केला तर नऊपट. शिवाय तांबे जसे तापते तसा त्याचा रोधही वाढतो. तापमान शंभर अंशांनी चढले म्हणजे रोध सुमारे ३९ टक्क्यांनी अधिक होतो. म्हणजे तापलेली मोटर तेवढ्याच प्रवाहात थंड मोटरीपेक्षा अधिक उष्णता निर्माण करिते. एका अर्थी ताप हाच तापाचे कारण होतो.

यापासून हानी कोणती? वेटोळ्याच्या तारेवर विद्युत्रोधक आवरण असते. 'बी' वर्गाचे आवरण १३० अंश सेल्सिअसपर्यंत व 'एफ' वर्गाचे १५५ अंशांपर्यंत टिकते. त्यापुढे दर दहा अंशांस आवरणाचे आयुष्य अर्धे होते, असा यंत्रज्ञांचा ढोबळ नियम आहे. आवरण जळाले की तारा एकमेकींस चिकटतात व मोटर निकामी होते. दुसरी हानी लोहचुंबकाची. आजच्या सर्व्हो मोटरींत निओडिमियमचे चुंबक असतात. त्यांच्या साध्या प्रकारास ८० अंशांपलीकडची उष्णता सोसत नाही. अधिक उष्णता सोसणारे प्रकार मिळतात, पण ते महाग असतात. एकदा गेलेले चुंबकत्व मोटर थंड झाल्यावर परत येत नाही. मग तेवढ्याच जोरासाठी अधिक प्रवाह लागतो व ताप आणखी चढतो. यांखेरीज बेअरिंगमधील वंगण आटते आणि एन्कोडरचे नाजूक भाग बिघडतात, ते वेगळेच.

मोटर तापते असे पाहताच पुष्कळ जण पंखा आणावयास धावतात. आमच्या मते हा उपाय शेवटचा होय, पहिला नव्हे. ताप उतरविण्याचे औषध देण्यापूर्वी वैद्य तापाचे कारण शोधतो, त्याप्रमाणे येथेही प्रथम कारण शोधावे. आमच्या अनुभवास आलेली मुख्य कारणे चार आहेत.

पहिले कारण, वाट जड असणे. वीज पूर्णपणे तोडून, मोटर स्क्रूपासून सोडवून, स्क्रू हाताने फिरवून पाहावा. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच हलकेपणाने फिरला पाहिजे. मध्येच जड लागला, तर स्क्रू व रेल समांतर नाहीत, किंवा भुसा व वंगण यांचे किटण बसले आहे, असे समजावे.

दुसरे कारण, ड्राइव्हची मांडणी चुकणे. ड्राइव्ह फाजील तत्पर ठेविली, तर मोटर उभ्या जागी गुणगुणते व थरथरते. हुकूम काही नसताही ती पुढेमागे धडपडते आणि फुकट तापते. हे गुणगुणणे चांगल्या प्रकृतीचे लक्षण नव्हे.

तिसरे कारण, उभ्या अक्षाचा भार. हत्याराचे डोके वर तोलून धरणाऱ्या मोटरीस क्षणाचीही विश्रांती नसते. पदार्थविज्ञानात आपण शिकलो आहो की, स्थानांतर नाही तर कार्य नाही. डोके स्थिर असता मोटर काहीच कार्य करीत नाही. तिला दिलेली सारी वीज उष्णतेतच जाते. समतोल साधणारे वजन किंवा गॅसची स्प्रिंग लावून हा भार हलका करावा. डोके बराच वेळ एकाच जागी ठेवावयाचे असल्यास ब्रेक लावून मोटरीस मोकळे करावे.

चौथे कारण, बसविण्याची जागा. मोटरीवर छापलेली शक्ती ही बहुधा ती ठराविक मापाच्या धातूच्या पत्र्यावर बसविली असता, आणि भोवतालची हवा ४० अंशांपेक्षा अधिक उष्ण नसता, अशी धरलेली असते. प्लास्टिकच्या आधारावर बसविलेल्या मोटरीची उष्णता बाहेर जाण्याची एक मोठी वाट बंद होते. आणि घरी छापून काढलेले पी.एल.ए. प्लास्टिक तर सुमारे ६० अंशांसच मऊ पडते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हेही ध्यानात असावे. त्या दिवसांत पत्र्याच्या छपराखाली मोटरीकडून छापील शक्तीची अपेक्षा करणे व्यर्थ होय. आवाज कमी व्हावा म्हणून मोटरीस कापड किंवा स्पंज गुंडाळणे तर तापकऱ्यास दुलईत कोंडण्यासारखे आहे.

कारणे दूर केल्यावर मोटरीस काम झेपेल की नाही याचा हिशेब करावा. येथे पुष्कळ विद्यार्थी सरासरी काढण्यात फसतात. समजा, एका मोटरीस सतत ४ ॲम्पिअर प्रवाह सोसतो. तिच्या कामाचा फेरा दहा सेकंदांचा आहे: २ सेकंद ८ ॲम्पिअर, ६ सेकंद २ ॲम्पिअर आणि २ सेकंद विश्रांती. साधी सरासरी २.८ ॲम्पिअर येते, आणि मोटरीस पुष्कळ सवड आहे असे वाटते. परंतु उष्णता वर्गाने वाढते. म्हणून प्रवाहांचे वर्ग करून, त्यांस सेकंदांनी गुणून सरासरी काढावी व मग वर्गमूळ घ्यावे. वर्गांची बेरीज १२८ अधिक २४, म्हणजे १५२. तिला दहांनी भागता १५.२, वर्गमूळ सुमारे ३.९. म्हणजे मोटर मर्यादेच्या अगदी काठावर आहे! घाईपोटी दोन सेकंदांची विश्रांती काढून टाकिली, तर १५२ भागिले ८ बरोबर १९, आणि वर्गमूळ सुमारे ४.४. मोटर हळूहळू भाजू लागली. वर्गात ज्यांस वर्गमूळ कंटाळवाणे वाटते, त्यांनी हे उदाहरण घरी करून पाहावे. वेग घेताना व थांबताना लागणारा जोर कमी केला, म्हणजे यंत्र थोडे सौम्यपणे चालविले, की हा आकडा झपाट्याने उतरतो.

इतके करूनही पहारा हवाच. हाताचा स्पर्श हा पहारा नव्हे. निरोगी मोटरीचे कवचही ६० ते ७० अंशांपर्यंत तापू शकते, व ते हातास सोसत नाही. उलट अचानक भार पडला तर आतील वेटोळे मिनिटभरात जळण्याच्या बेतास येते आणि कवच अजून कोमटच असते. म्हणून पहारेकरी दोन ठेवावे. एक ड्राइव्हमधील: तो प्रवाहाचा वर्ग व काळ यांचा हिशेब ठेवून वेळीच प्रवाह तोडतो. त्यात मोटरीचा खरा सततचा प्रवाह भरावा. दुसरा वेटोळ्यात बसविलेला थर्मिस्टर: ठराविक तापमानास त्याचा रोध एकाएकी वाढतो व ड्राइव्हला इशारा मिळतो. पहिला शीघ्र संकट ओळखतो, दुसरा सावकाश चढणारा ताप; एकाचे काम दुसरा करू शकत नाही. यांनंतर पंखा लावण्यास हरकत नाही. मात्र त्याने भुसा मोटरीवर उडवू नये, आणि हवा खेळावी म्हणून बंद मोटरीच्या कवचास भोके पाडू नयेत.

पहारेकऱ्याने यंत्र थांबविले, तर त्याचा राग मानू नये. मर्यादेचा आकडा वाढवून काम पुढे रेटणे म्हणजे दुखणेकऱ्याचे तापमापक फोडून टाकणे होय. तसेच पुष्कळ साध्या ड्राइव्ह वीज बंद करून चालू करताच मागील तापाचा हिशेब विसरतात; म्हणून वारंवार बटण दाबून यंत्र सुरू करू नये, मोटर निवू द्यावी.

पालकांसही आमची एक विनंती आहे. हे यंत्र चालू ठेवून मुलास झोपी जाऊ देऊ नका. लाकडाचा भुसा, तापलेली मोटर आणि निजलेले घर, हा योग बरा नव्हे. तातडीने वीज तोडण्याचे बटण सहज हाताशी असावे, व ते घरातील प्रत्येकास ठाऊक असावे. ड्राइव्हची पेटी वीज बंद केल्यावरही काही वेळ आत विद्युत्भार धरून असते. तेव्हा ती लगेच उघडू देऊ नये.

मोटरीस बोलता येत नाही. आपणांस किती झेपते हे ती सांगू शकत नाही. ते आधीच हिशेबाने जाणून घेणे हे तिच्या धन्याचे काम आहे. जो विद्यार्थी हे काम मनापासून करील, त्याचे यंत्र तर टिकेलच, पण वर्ग आणि वर्गमूळ, रोध आणि कार्य हे पुस्तकातील शब्दही त्यास कायमचे आपलेसे होतील, याविषयी आम्हांस शंका नाही.