एम९ की एम९-पी?

लायका एम९ हा २००९ साली आलेला पहिला फुलफ्रेम डिजिटल रेंजफाइंडर. २०११ मध्ये त्याचीच एम९-पी ही आवृत्ती आली. आज वापरलेला कॅमेरा घेताना ‘पी’साठी जादा पैसे मोजावेत का? माझ्या मते नाही. दोन्हींत कोडॅकचा तोच १८ मेगापिक्सेलचा सीसीडी सेन्सर आहे आणि रेंजफाइंडरही तोच, त्यामुळे फोटोत तसूभरही फरक पडत नाही. ‘पी’वर समोरचे लाल ठिपक्याचे बोधचिन्ह नाही आणि मागच्या पडद्यावर नीलमण्याची काच आहे. तिच्यावर सहसा चरे पडत नाहीत, हा आक्षेप खरा. पण तिच्याआडचा पडदा तोच अडीच इंची, जुनाट. त्याच्यासाठी एवढी कडेकोट राखण कशाला?

पैसे जावेत ते सेन्सरवर. त्यावरची अवरक्त किरण गाळणारी काच दमटपणाने खराब होऊन तिच्यावर डाग पडतात, हा या दोन्ही कॅमेऱ्यांचा जन्मजात दोष. कंपनीने काही वर्षे सेन्सर मोफत बदलून दिले. ती सवलत संपली. धूळही अशीच दिसते, असे विक्रेता म्हणेल. धूळ फुंकणीने उडते किंवा जागा बदलते. काचेचे डाग तिथेच राहतात, आणि बहुधा त्यांभोवती फिकट वलय असते. म्हणून एफ/१६ वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढून तो संगणकावर पूर्ण आकारात तपासा. शिवाय नवी काच असलेला सेन्सर बसवल्याची पावती मागा. पावती असलेला साधा एम९ बिनपावतीच्या ‘पी’पेक्षा केव्हाही घ्यावा.