दुखण्याची हजेरी

आधी एक प्रश्न. जर्नल तुम्ही कधी पूर्ण करता? दर आठवड्याला प्रॅक्टिकल झाल्या झाल्या, की सबमिशनच्या आदल्या रात्री एखाद्या स्कॉलरचं जर्नल समोर ठेवून? (उत्तर नको, हे पान स्टाफही वाचतो!)

हाच उद्योग पेशंट लोकही करतात, आणि त्याचा पुरावा आहे. २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक प्रयोग छापून आला. जुनाट दुखणं असलेल्या ८० जणांपैकी निम्म्यांना कागदी डायरी दिली आणि निम्म्यांना हातात मावणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. तीन आठवडे, दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी किती दुखतंय ते नोंदवायचं. गंमत अशी की डायरीच्या बाईंडरमध्ये प्रकाश ओळखणारा सेन्सर गुपचूप बसवला होता. डायरी कधी उघडली ते त्याला बरोब्बर कळत होतं. डायऱ्या परत आल्या तेव्हा लिहिलेल्या वेळांप्रमाणे ९० टक्के नोंदी अगदी वेळेवर होत्या. सेन्सरच्या हिशोबाने? फक्त ११ टक्के! बाकी सगळी प्रॉक्सी. यंत्रवाल्यांच्या मात्र ९४ टक्के नोंदी खरोखर वेळेवर झाल्या होत्या.

हे लोक खोटारडे होते असं मला मुळीच वाटत नाही. दुखतंय त्या क्षणी डायरी कोण उघडणार? आणि नंतर आठवून लिहायला जावं तर आठवण दगा देते. डॅनियल काहनेमन आणि डोनाल्ड रेडेलमायर यांनी १९९६ मध्ये दाखवलं की वेदना एकूण किती वेळ झाली हे माणूस जवळजवळ धरतच नाही. त्याच्या लक्षात राहतो तो सगळ्यात वाईट क्षण आणि शेवटचा क्षण. थोडक्यात, माणसाची मेमरी हे दुखणं मोजायचं फारच भंगार इन्स्ट्रुमेंट आहे.

मी या विषयात पडले ती आईमुळे. तिला सहा वर्षांपासून रुमॅटॉईड आर्थ्रायटिस आहे. संधिवात म्हटलं की आपल्याला आजीचे गुडघे आठवतात, पण ती झीज. हा प्रकार वेगळा. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, आणि वेळेवर आवरलं नाही तर हाडं कुरतडली जातात, बोटं वाकडी होतात ती कायमची. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघरी जाऊन पाहणी झाली होती, तिच्यात दर दोनशे मोठ्या माणसांमागे साधारण एकाला हा आजार आढळला. म्हणजे आपल्या कॉलेजात घरटी नाही, तरी वर्गटी एखादं घर नक्की निघेल.

आम्ही कऱ्हाडचे, डॉक्टर पुण्याला. तीन महिन्यांतून एकदा नंबर लागतो. त्या दिवशी आई इस्त्रीची साडी नेसून जाते आणि डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं की म्हणते, "बरं आहे." मधल्या अडीच महिन्यांत चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता, हे ती सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "अगं, आज दुखत नव्हतं ना!"

ई अँड टीसीवाल्यांनो, आता तुमचा शब्द. हे सरळसरळ अंडरसॅम्पलिंग आहे! सिग्नलमध्ये जी सगळ्यात जास्त फ्रिक्वेन्सी असेल तिच्या दुपटीहून जास्त वेगाने सॅम्पल घ्या, नाहीतर मूळ सिग्नल परत मिळत नाही, हे आपण घोकलंय. आजाराचा भडका आठ-पंधरा दिवसांत येऊन जातो आणि आपण सॅम्पल घेतो नव्वद दिवसांनी एक. त्या एका बिंदूवरून औषध वाढवायचं की नाही ते ठरणार.

जास्त वेळा बघितल्याने खरंच फरक पडतो का? पडतो. ग्लासगोत झालेली टिकोरा नावाची ट्रायल २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. त्यात एका गटाला दर महिन्याला तपासून, मोजून, आकडा जास्त असला की लगेच औषध वाढवलं. दुसऱ्या गटाची तपासणी नेहमीसारखी तीन महिन्यांनी. दीड वर्षाने पहिल्या गटातले ६५ टक्के लोक आजार शांत झालेल्या अवस्थेत होते, दुसऱ्यातले १६ टक्के. औषधं त्याच ठेवणीतली. पण कऱ्हाडहून दर महिन्याला पुणं कसं जमणार? एस.टी.चे धक्के, बाबांची रजा, आणि गुडघ्यांचं काय? इथे अ‍ॅप उपयोगी पडू शकतं.

चांगलं अ‍ॅप काय करतं ते मँचेस्टरच्या रेमोरा प्रकल्पात बघायला मिळतं. तिथे २० पेशंट्सनी तीन महिने फोनवर उत्तरं भरली. काही प्रश्न रोजचे, काही आठवड्याचे, काही महिन्याचे. दुखणं किती, सकाळी सांधे किती वेळ आखडलेले, थकवा किती, वगैरे. महत्त्वाचं पुढे आहे. ही माहिती हॉस्पिटलच्या रेकॉर्डमध्ये थेट जात होती आणि तपासणीच्या वेळी डॉक्टर आणि पेशंट दोघं मिळून तिचा ग्राफ बघत होते. "बरं आहे"च्या जागी तीन महिन्यांची रेघ!

उलट प्ले स्टोअरवरची बरीच अ‍ॅप्स नोंदी घेतात आणि स्वतःच्या पोटात ठेवतात. तिकडे बघायला कुणी नाही. हजेरी घेतली, पण डिफॉल्टर लिस्ट लावलीच नाही अशातली गत.

आईसाठी मी दोन अ‍ॅप्स उतरवून बघितली. (कॉन्व्हेंटवाली असूनही हा लेख मराठीत का, त्याचं उत्तर इथे आहे.) पहिल्यात दुखण्यासाठी एकच शब्द, 'पेन'. आईकडे ठणका आहे, कळ आहे, चमक आहे, सांधे धरणं आहे, आखडणं आहे. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरांना काहीतरी वेगळं सांगतो. सकाळी तासभर सांधे आखडणं हे सुजेकडे बोट दाखवतं, दिवसभर कामानंतरचा ठणका कदाचित झिजेकडे. दुसऱ्यात ० ते १० चा स्लायडर इतका बारीक की सुजलेल्या बोटाने तो ७ वर थांबेचना! ज्याने बनवलं त्याने सांधेदुखीचं एकही माणूस समोर बसवून बघितलं नसणार.

प्रश्नही तसेच. रोजची कामं कितपत जमतात हे विचारणारी प्रश्नावली १९८० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला तयार झाली. २००२ मध्ये तिची भारतीय आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात उकिडवं बसण्याचा प्रश्न आला. आईला विचाराल तर ती यादी आणखी वाढवेल: कणीक मळता येते का, निऱ्या करता येतात का, कुकरचं झाकण फिरतं का.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. या आजारात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी खूप वापरतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जगभरात माणसं दगावली आहेत. आणि औषधाची आठवण लावायला गेलं की पहिला पर्याय कोणता येतो? 'रोज'. आपण प्रोजेक्टमध्ये डिफॉल्ट व्हॅल्यू किती सहज टाकतो! कुणाच्या घरी ही गोळी चालू असेल तर फोनमधली आठवण आजच उघडून बघा, आणि ठरलेला वार कागदावर मोठ्या अक्षरात लिहून डब्यावर चिकटवा.

अ‍ॅपला काय जमत नाही तेही सांगायला हवं. डॉक्टर २८ सांधे दाबून सूज आणि दुखरेपणा मोजतात, त्यात ई.एस.आर. किंवा सी.आर.पी.चा आकडा आणि पेशंटचं स्वतःचं मत मिळवून एक स्कोअर काढतात. २.६ च्या खाली म्हणजे आजार शांत, ५.१ च्या वर म्हणजे जोरात. फोनला सूज चाचपता येत नाही. दुखणं वाढलं म्हणजे आजार वाढला असंही नाही, जुन्या नुकसानीचं दुखणं असू शकतं. म्हणून ग्राफ बघून स्वतःच गोळी वाढवणं किंवा बंद करणं नको. मात्र त्या २८ मध्ये घोटे आणि पावलं धरत नाहीत, आणि आईचं सकाळचं पहिलं पाऊलच सगळ्यात अवघड. ते अ‍ॅपमध्ये नोंदवता येतं, हा मला मोठा फायदा वाटतो.

मग अ‍ॅपने आजार बरा होतो का? असा दावा कुणी केला तर दुकान बदला. अ‍ॅमस्टरडॅमला २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये आजार आटोक्यात असलेले १०३ पेशंट होते. एका गटाने दर आठवड्याला अ‍ॅपवर प्रश्नावली भरली आणि गरज वाटली तरच डॉक्टर गाठले. वर्षभराने त्यांचा आजार दुसऱ्या गटाइतकाच आटोक्यात होता, पण भेटी आणि फोन मिळून ३८ टक्के कमी. आजार तेवढाच, खेपा कमी. कऱ्हाड-पुणे एस.टी.त बसलेल्या माणसाला हे पुष्कळ आहे.

जाता जाता पावसाचं. "माझी बोटं सांगतात, पाऊस येणार" यावर आम्ही आईला खूप चिडवायचो. ब्रिटनमध्ये २,६५८ लोकांच्या फोनवरच्या नोंदी हवामानाशी ताडून बघितल्या, निकाल २०१९ मध्ये आला. दमट हवा, कमी दाब आणि वारा असला की दुखणं थोडं वाढतं. थोडंच, पण वाढतं. आई तेव्हापासून जिंकल्यासारखी वागते.

आमची सध्याची व्यवस्था साधी आहे. घरातला स्मार्टफोन बाबांकडे असतो, तेव्हा आई झोपण्याआधी कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी दोन आकडे लिहिते, सकाळी सांधे किती मिनिटं आखडले आणि दुखणं दहापैकी किती. मी रात्री नऊला होस्टेलवरून फोन करते तेव्हा ते एक्सेलमध्ये भरते. मागे टाकून लिहिलं तर फोनवर लगेच कळतं, ती अडखळते! डॉक्टरांनी मागच्या खेपेला ग्राफ बघितला, मधल्या एका उंचवट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे काय झालं होतं?" आईला आठवेना. चौकटीत लिहिलेलं होतं, "पाहुणे, पुरणपोळी."